एक जूनच्या दोन रुपा

२९ सप्टेंबर

पोर्टलने आज मला चोर ठरवलं. तापी खोऱ्यावरची माझी टिपणं चढवली, तर वर लाल पट्टी — ‘हा मजकूर अन्यत्र आढळला आहे.’ अन्यत्र म्हणजे कुठे? शोधलं. गेल्या वर्षी याच पोर्टलवर मीच चढवलेली टिपणं! म्हणजे माझं लिखाण मी माझ्याकडूनच चोरलं.

संगणक कक्षातल्या हेमकांतला बोलावलं. म्हणाला, “मॅडम, चार शब्द मागेपुढे करा, घेईल ते.” मी म्हटलं, तापी मागेपुढे होत नाही, ती पूर्वेकडून पश्चिमेकडेच वाहते. तो हसला. मला हसू आलं नाही. शेवटी सगळीकडे ‘तापी’चं ‘तापी नदी’ केलं. लगेच हिरवी पट्टी. याला म्हणे मजकुराची तपासणी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजने हे पोर्टल घेतलं. आता हजेरी, टिपणं, गृहपाठ, अंतर्गत गुण, परीक्षेचे अर्ज, सगळं त्याच्या पोटात. आणि समन्वयक मी. “तुमचा धाक आहे मॅडम,” म्हणून प्राचार्यांनी गळ्यात मारलं. धाक मुलांना आहे. यंत्राला कुठला?

३ ऑक्टोबर

पडद्यावर चांदीचा कप. ‘अभिनंदन! या आठवड्यात आपण सर्वाधिक वेळ पोर्टलवर होता.’ एक फाइल चढत नव्हती म्हणून होते.

७ ऑक्टोबर

भूगोलाच्या तासानंतर रुपा पावरा दारात उभी. दुसऱ्या वर्षात दोन रुपा पावरा आहेत. एक धडगावची, एक तोरणमाळची. दोघींच्या वडिलांचं नाव भीमसिंग. दोघी एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत. आज आली ती तोरणमाळची. उंच, मान खाली, विचारल्याशिवाय बोलत नाही.

“मॅडम, माझा गृहपाठ तिथं नाही. तिचा आहे.”

“चढवला होतास का?”

“हो. मी चढवला की तिचा जातो. तिनं चढवला की माझा जातो.”

मला वाटलं, हिलाच जमत नसेल. समोर बसवून करायला लावलं. जमलं, व्यवस्थित जमलं, आणि खरंच दुसरीचा गृहपाठ नाहीसा झाला! मग दुसरीला बोलावलं. ती बुटकी, बारीक अक्षराची, जरा धीट. तिने तिच्या मोबाइलवर उघडून दाखवलं. दोघींना एकच खातं दिसतं. क्रमांक एक. फोटोच्या जागी राखाडी गोळा.

“कधीपासून?”

“गणपतीनंतर,” धीट म्हणाली. “आम्ही मग आळीपाळी केली मॅडम. एक विषय तिचा, एक माझा.”

गुण अर्धे-अर्धे वाटून घेतले पोरींनी, एका भाकरीसारखे. रागावले. पण त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता, हे रागावतानाच कळत होतं.

८ ऑक्टोबर

हेमकांतने सकाळभर खणलं. सापडलं.

आमच्याकडे हजेरीत नावापुढे कंसात गाव लिहायची रीत आहे. मी इथे लागले त्याच्याही आधीची. पावरा, वळवी, पाडवी, वसावे — आडनावं मूठभर, वर्ग भरलेला. कंस नसेल तर कोणाचे गुण कोणाच्या पदरात पडतील, सांगता येत नाही. पोर्टलमध्येही हेमकांतने तसंच भरलं होतं. रुपा भीमसिंग पावरा (धडगाव). रुपा भीमसिंग पावरा (तोरणमाळ).

सप्टेंबरात कंपनीने पोर्टल ‘सुधारलं’. सुधारलेल्या पोर्टलला नावात कंस चालत नाही. कंस गेले, त्यांच्यासोबत गावं गेली. मग त्याने आपल्या अकलेने जुळवून पाहिलं. नाव तेच, वडील तेच, पत्ता वसतिगृहाचा म्हणून तोच, जन्मतारीखही तीच — एक जून. झालं! एकच मुलगी चुकून दोनदा भरली, असं ठरवून एक पुसून टाकली.

एक जून! या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मतात. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून टाकतात. हे पुण्यात बसून पोर्टल करणाऱ्यांना कोणी सांगितलं नाही?

आणि परीक्षेचा अर्ज पोर्टलमधूनच निघतो. एका खात्याला एक अर्ज. दोन मुली, अर्ज एक. बसली नाही ती वसतिगृहातूनही जाणार, नियम तसा आहे.

१० ऑक्टोबर

कंपनीच्या मदत कक्षाला फोन. गाणं ऐकवतात आधी, तेही अर्धवट. मग धीरज नावाचा कोणी.

सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, माझ्या मानाने.

“मॅम, आमच्याकडे हा डुप्लिकेट दिसतोय.”

“डुप्लिकेट नाही. दोन मुली आहेत. आत्ता माझ्यासमोर उभ्या आहेत.”

“हो मॅम, पण सिस्टीममध्ये चारही गोष्टी मॅच होतात. चार मॅच झाल्या तर व्यक्ती एकच धरतो आम्ही.”

“तुम्ही धरता. देवाने दोन केल्या आहेत.”

मग म्हणाला, “मॅम, तुम्ही फक्त प्रायमरी कोण ते सांगा. ते खातं मी कायम करून देतो.”

प्रायमरी! म्हणजे खरी कोण आणि खोटी कोण, ते मी सांगायचं. दोघी समोर उभ्या असताना. फोन स्पीकरवर होता, त्यांनी ऐकलं. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

११ ऑक्टोबर

शिपाई लोटनला चहा आणायला सांगितला, तर दारात रेंगाळला. अहिराणीतच बोलतो तो. सगळ्या कॉलेजला कळलेलंच आहे.

“मॅडम, मन्हा बी एक जूनच शे.”

“माहीत आहे.”

“मन्ही माय सांगे, तू थंडीमा व्हयना. गुरुजीनी जून टाकी दिन्हा. आते त्या मशीनले सांगू नका. मी आनि प्राचार्य साहेब एकच शेतस म्हनी, मन्हा पगार त्यास्ना खातामा टाकी दी.”

प्राचार्यही एक जूनचे! हसले, नाइलाज होता. माझी तारीख मात्र खरी आहे. वडील तलाठी होते, घड्याळ पाहून लिहून ठेवली.

१४ ऑक्टोबर

प्राचार्यांकडे गेले. ते खुर्चीत मागे रेलले म्हणजे उत्तर नाही असतं.

“मॅडम, एकीचा अर्ज या वेळी जाऊ द्या. दुसरी पुढच्या सत्रात बसेल. एवढं काय?”

“कोणती?”

“ज्या मुलीचे गुण बरे असतील ती.”

“गुण दोघींचे एकाच खात्यात मिसळलेत सर. वेगळे असते तर मी तुमच्याकडे आले असते का?”

“मग चिठ्ठी टाका.”

एका पदवी कॉलेजचे प्राचार्य म्हणाले हे. चिठ्ठी टाका! मी म्हटलं, सर, हे लेखी द्या. मग पुढे झुकले. “कंपनीशी बोला,” म्हणाले, “माझं नाव सांगून बोला.” त्यांचं नाव ऐकून धीरज काय उभा राहणार आहे?

१६ ऑक्टोबर

वसतिगृहावर गेले होते. तिथल्या अधीक्षक मंगलाबाई जेवणाच्या खोलीत पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. “या मॅडम,” म्हणाल्या, “पोरी दोन शेतस, ताटं दोन लागतस, साबनबी दोन लागस. मंग त्या मशीनले एकच कशी काय दिखनी?” मी म्हटलं, मशीन जेवत नाही म्हणून.

दोघींना अंगणात बोलावलं. काय चाललंय ते स्पष्ट सांगितलं. लपवण्यात अर्थ नसतो. धीट लगेच म्हणाली, “मॅडम, तिला बसवा. ती हुशार आहे. मी मार्चमध्ये बसीन.”

तोरणमाळची मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, “मार्चपर्यंत हिला इथं ठेवणार कोण? खोली खाली करायला लावतील. घरचे दिवाळीनंतर ऊस तोडायला गुजरातला जातात. ही पण जाईल त्यांच्यामागं. गेली की येत नाही कोणी.”

“तू गप्प बस,” धीट तिला म्हणाली.

“आणि मी राहिले तर मी जाईन. माझं पण तेच आहे.” एवढं सलग बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकलं. “मॅडम, नापास झाले असते तर घरी सांगता आलं असतं. माझं नावच नाही तिथं, हे कसं सांगू? ते म्हणतील, मग इतके दिवस होतीस कुठं?”

मी उठले. म्हटलं, दोघी बसाल. सांगते ना, दोघी बसाल.

मोठ्या तोंडाने सांगून आले. आता करायचं कसं?

१८ ऑक्टोबर

सुट्टी लागली. मुली गावी. कंपनीच्या मदत कक्षालाही दिवाळी. गाणं मात्र चालू आहे.

२८ ऑक्टोबर

कंपनीकडून मेल. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली असून ती बंद करण्यात येत आहे. कृपया आमच्या सेवेला तारांकित करा.’

पोर्टल उघडलं. रुपा एकच!

एक तारा दिला. शून्याची सोय नव्हती.

३ नोव्हेंबर

धीरज पुन्हा. या वेळी उपाय घेऊन. “मॅम, एकीची जन्मतारीख बदलून आणा. मग मॅच तुटेल.”

मी म्हटलं, दाखला, आधार, जातीचं प्रमाणपत्र, सगळीकडे तीच तारीख आहे. ते बदलेपर्यंत ही मुलगी आजी होईल.

“मग नाव?”

“नाव कोणी ठेवलं, तिने की तुम्ही?”

“नाही मॅम, म्हणजे पुढे लग्न झालं की आडनाव बदलेलच ना. तेव्हा इश्यू आपोआप सुटेल.”

मग म्हटलं, “आणि पावऱ्याच्या घरी दिली तर?”

त्याच्या मागे कोणीतरी खुदकन हसलं, बाई होती. मी म्हटलं, जी हसली तिला फोन द्या.

तिचं नाव मयूरी. वरच्या हुद्द्यावर असावी, बोलण्यात ठामपणा होता. “मॅडम, मूळची मी शिरपूरची,” म्हणाली. “माझ्या वडिलांची तारीख एक जून आहे.” अरे! इतके दिवस कुठे होती ही?

मयूरी म्हणाली, खातं वेगळं करता येतं, पण आपोआप नाही, हाताने. त्यासाठी कॉलेजने लेखी हमी द्यायची की या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. दोघींचे आत्ता काढलेले फोटो, आधार, आणि आतापर्यंतचं कोणतं काम कोणाचं, ते वेगळं करून. “एकदा कायम केलं की पुन्हा बदलणं फार अवघड आहे मॅडम. नीट बघून पाठवा.”

नीट बघूनच पाठवते, म्हटलं. मला वेगळं सांगायला नको.

४ नोव्हेंबर

मुली परतल्या. दोघी आल्या, हे महत्त्वाचं. तोरणमाळचीला यायला उशीर झाला. घरच्यांनी तिची पिशवी ट्रकमध्ये आधीच टाकली होती, ती उतरवून आली म्हणे. कारण विचारलं नाही. डोळे सुजलेले होते.

व्हरांड्यात भिंतीपुढे उभं करून माझ्याच मोबाइलवर फोटो काढले. धीट हसत होती. तोंड मिट, म्हटलं. तोरणमाळची काहीतरी बोलायला लागली. “हलू नकोस,” म्हटलं, “फोटो हलतो.” दोन्ही फोटोंना मी स्वतः नावं दिली. कंसात गावं. माझ्या मोबाइलमध्ये कंस चालतो.

हेमकांतने आधार जोडले. आधारवरच्या फोटोत कोणीच ओळखू येत नाही, माझ्या आधारवर तर माझ्या सासूबाई दिसतात. त्यामुळे तो आपला गावाचं नाव बघून जोडत गेला.

६ नोव्हेंबर

दोन दिवस गृहपाठ वेगळे करण्यात गेले. वहीची पानं फोटो काढून चढवलेली, सगळे विषय, सगळी सरमिसळ. पण अक्षर लपत नाही. धडगावचं बारीक, एकसारखं, ओळ सोडत नाही. तोरणमाळचं मोठं, उजवीकडे झुकलेलं, आणि ‘आहे’च्या जागी मध्येच ‘शे’ येऊन जातं. एका उत्तरात तर ‘सातपुड्याची उंची जास्त शे’. मी लाल खूण केली होती. आता त्याच खुणेने ओळखलं. पावरी घरची भाषा, अहिराणी बाजारातली, मराठी कॉलेजातली. तीन भाषांतून वाट काढत लिहिते पोरगी, आणि यंत्र म्हणतं डुप्लिकेट.

प्राचार्यांसमोर हमीपत्र ठेवलं. ते म्हणाले, “यात काही चूक निघाली तर जबाबदारी?”

“माझी,” म्हटलं. “या दोघींना मी दीड वर्ष समोर बसलेल्या बघते. झोपेत ओळखेन.”

त्यांनी सही केली.

७ नोव्हेंबर

मयूरीचा फोन नाही. अर्जाची मुदत उद्या संपते.

८ नोव्हेंबर

सकाळपासून पोर्टलसमोर बसून. आमचे हे घरचा डबा घेऊन आले, केळीच्या बागेतून तसेच, पायाला चिखल. “जेव तरी,” म्हणाले. जेवले नाही. मयूरीला फोन लावत राहिले. ते गाणं आता मला पाठ झालंय, अर्धवट.

दुपारी मयूरीचा आवाज. “मॅडम, पान पुन्हा उघडा.”

उघडलं. रुपा भीमसिंग पावरा. खाली पुन्हा, रुपा भीमसिंग पावरा. दोन क्रमांक, दोन चेहरे. कंस नाहीत, पण त्या जागी नवा रकाना — ‘मूळ गाव’. फक्त आमच्यासाठी नाही, सगळ्या कॉलेजांसाठी केला म्हणाली. “तुमच्यामुळे केला मॅडम.”

दोन्ही अर्ज गेले. दोन्ही पावत्या आल्या. हेमकांतने टाळी वाजवली. मी त्याला गप्प केलं, पण मनातून मीही वाजवली.

कोणी म्हणतं, आपलं वय झालं, हे नवं आपल्याला कळत नाही. कळतं. यांना माणसं कळत नाहीत, हा प्रश्न आहे. समोर बसलेल्या दोन जित्या मुली ज्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्याने शिकवण्याच्या गोष्टी करू नयेत. स्टाफरूममध्ये हे मोठ्याने बोलले.

१३ नोव्हेंबर

मंगलाबाईंनी वसतिगृहातून गुळाची दशमी पाठवली. “दोन पोरीस्नी दोन,” असा निरोप.

२१ नोव्हेंबर

हॉलतिकिटं आली. छापली. माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. सोमवारी देईन. दोन आहेत! पुन्हा पुन्हा पाहिली.

२४ नोव्हेंबर

हॉलतिकिटं दिली. दोघींनी पाहिली, एकमेकींकडे पाहिलं, आणि अदलाबदल केली.

“अगं, फोटो बघा आपापला,” मी म्हटलं.

“तुम्ही दिलेल्यावर फोटो माझाच आहे मॅडम,” उंच म्हणाली. “पण गाव हिचं आहे. आधारही हिचं. मी धडगावची.”

सगळंच उलट. फोटो, गृहपाठ, गुण. मी पाठवलं तसंच. परवा पेपर. मयूरीला फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं. ‘पुन्हा बदलायला वेळ लागेल मॅडम,’ म्हणाली, पण करते म्हणाली. तोवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेतलंय, परीक्षा केंद्रावर ते घेऊन मी स्वतः दोघींसोबत जाणार. बसतील.

मग उंच मुलीला विचारलं, दीड वर्षात एकदाही सांगितलं का नाही?

“सांगितलं होतं मॅडम. पहिल्याच दिवशी, हजेरीला. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलायचं नाही, खाली बस.”